नदी खालून जाते

मेट्रोचे पाच पेसो वाचवायचे म्हणून सुरुवात झाली,
हे आईला सांगितलेलं नाही.
तिला वाटतं, मला शहर बघायची हौस.
हौस नंतर आली,
टाचेला दुसरा फोड आल्यावर.

त्लाशियाकोच्या डोंगरातून आले तेव्हा
एवढंच ओळखीचं होतं : बसचा थांबा,
आणि डोन्या रेफुखियोच्या गच्चीवरची माझी खोली,
जिच्या भिंतीपलीकडे पाण्याची टाकी
रात्रभर स्वतःशी पुटपुटते.
आता दोन वर्षांत निम्मं मेक्सिको सिटी
पायाखाली घातलंय.

नकाशात इथे नद्याच नद्या.
रिओ मिक्स्कोआक, रिओ चुरुबुस्को, रिओ दे ला पिएदाद.
रिओ म्हणजे नदी,
आणि जाऊन पाहावं तर सहापदरी रस्ता,
दत्तक गेलेल्या मुलासारखा
माहेरचं नाव तेवढं जपून ठेवलेला.
पाणी खाली, नळात कोंडलेलं.
वर ट्रक.

प्राध्यापक ओलाल्दे बाई म्हणाल्या,
एक नदी निवडा आणि तिच्या अंगावरून चालत जा.
बाकीच्यांनी संगणकावर निळी रेघ ओढली.
मी सँडविच बांधून घेतलं.

वाट वाकडी करून आधी पार्के उंदिदोत शिरले.
इथली माती खणून विटा पाडल्या,
विटांची घरं झाली, खड्डा उरला,
खड्ड्यात बाग.
फुलांच्या घड्याळाच्या मोठ्या काट्यावर
एक खार बसली होती.
ती उठेपर्यंत
मीही बाराला पाच मिनिटं कमी असतानाच होते.

मग विवेरोस. रोपवाटिका ती, पण लोक धावायला येतात,
तांबड्या मातीनं घोटे माखून घेतात.
झाडांआड काही पोरं बैलाशी लढायचं शिकत होती.
बैल नव्हता.
एक मित्र हातात शिंगं धरून बैल झालेला,
आणि गुलाबी कापडवाल्यापेक्षा
तोच जास्त घामाघूम.
एलेउतेरिओ त्याचं नाव.
खरा बैल कधी? मी विचारलं.
"हिशेबाची परीक्षा सुटली की," म्हणाला,
आणि पुन्हा वाकून फुरफुरू लागला.

पोर्तालेसला पोचेपर्यंत उजव्या बुटानं आ वासला.
फूटपाथवर चांभार : डॉन एपिग्मेनियो,
तोंडात खिळे, पाठीला रस्ता.
कुठून आलीस?
नदीवरून, मी म्हटलं.
त्यानं खिळे काढून तळहातावर ठेवले.
"माझ्या भावाचा बूट तिच्यात गेला,
मी सहा वर्षांचा होतो.
बापानं दोघांना बडवलं.
मग एक दिवस नदीवर झाकण घातलं,
बूट आतच राहिला.
तेव्हापासून लोकांचे बूट शिवतोय,
अजून एक कमीच पडतो."

माझा घसा दाटून आला. बारा पेसो जास्त दिले.
कोपऱ्यावर कुत्रा फिरवणारी बाई हसून म्हणाली,
"बूट सांगितला का तुला?
मला कोंबडी सांगितली होती.
माझ्या नवऱ्याला, मावशी."

त्या रात्री परत गेले. झाकणाशेजारी
जॅकेट अंथरून आडवी झाले, कान लावला.
आधी बस.
मग रताळी विकणाऱ्या गाडीची वाफेची शिट्टी,
दोन गल्ल्या सोडून, एकटीच.
मग काहीतरी, जे बहुधा माझंच रक्त होतं.
एक पोलीस येऊन विचारून गेला,
बरं आहे ना?

अहवालात लिहिलं : लांबी, व्यास, उतार.
शेरा या रकान्यात :
एक बूट, किंवा कोंबडी, किंवा मावशी.
ओलाल्दे बाईंनी त्याभोवती लाल गोल काढला
आणि गुण मात्र कापले नाहीत.

रविवारी आईचा फोन.
आज कुठे भटकलीस?
नदीवर.
पाणी आहे का गं तिला?
आमच्याकडे झऱ्याला रांग लागते, म्हणून ती
नेहमी हेच आधी विचारते.
आहे, मी म्हटलं.
दिसत नाही, पण मी वरून चालत होते
तितका वेळ तरी
ती माझ्याच दिशेनं जात होती.